हेल्मेटवरचे ओरखडे

अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या हेल्मेटवर चिन्ह फक्त उजव्या बाजूला असतं. डावी बाजू नुसती काळी. 1962 साली पोलाद उद्योगाचं हे चिन्ह संघाने घेतलं, तेव्हा हेल्मेटवर ते कसं दिसेल याची खात्री नव्हती, म्हणून आधी एकाच बाजूला चिकटवून पाहिलं. त्या मोसमात संघ चांगला खेळला, लोकांना ते रूप आवडलं आणि मग ते कायमचंच झालं. या शहरात राहायला आले तेव्हा मला अमेरिकन फुटबॉलचा एकही नियम ठाऊक नव्हता. पण ही हकिकत मात्र कुणी ना कुणी सांगतच होतं. शेजारच्या आजोबांनी सांगितली, बसच्या रांगेतल्या बाईंनी सांगितली, मुलाच्या पहिलीच्या शिक्षिकेने तर चित्र काढून दाखवली. खेळाडूचा चेहरा गजांमागे लपलेला, अंग पॅडमध्ये बुजलेलं. प्रेक्षक ओळखतात, जीव लावतात तो हेल्मेटला.

आणि त्यात नवल नाही, कारण ही हेल्मेटं दिसतात सुंदर. मला ती मनापासून आवडतात. ती रंगवायची कल्पना मुळात एका खेळाडूचीच. फ्रेड गेर्की हा लॉस एंजेलिस रॅम्सचा खेळाडू, कॉलेजात चित्रकला शिकलेला. 1948 च्या मोसमासाठी त्याने संघाच्या चामडी हेल्मेटांवर मेंढ्याची वळणदार शिंगं स्वतःच्या हाताने रंगवली. एका हेल्मेटमागे एक डॉलर मिळाला. मोसमभर रंगाचा डबा जवळ ठेवून, सामन्यात उडालेला रंग तो पुन्हा भरायचा. त्याआधी, 1938 मध्ये, मिशिगन विद्यापीठाचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांनी निळ्या हेल्मेटवर पिवळे पंख आणले. त्यामागे सौंदर्यदृष्टी होतीच, पण हिशेबही होता. चेंडू फेकणाऱ्याला गर्दीत आपला माणूस लांबून चटकन दिसावा. ओहायो स्टेटमध्ये 1968 पासून चांगल्या खेळाबद्दल हेल्मेटवर बकाय झाडाच्या पानाचा छोटा स्टिकर देतात. मोसम संपत आला की काही मुलांची हेल्मेटं पानांनी भरून गेलेली असतात.

आमचा मुलगा हायस्कूलमध्ये गेल्यावर लाइनमध्ये, म्हणजे दर डावाला समोरच्या रांगेशी थेट भिडणाऱ्या खेळाडूंत, खेळायला लागला आणि असं एक हेल्मेट घरात आलं. ते शाळेचं, मोसम संपला की परत करायचं. पण शुक्रवारी रात्रीच्या सामन्यानंतर ते आमच्या जेवणाच्या टेबलावर असतं. भाद्रपदातले शुक्रवार तर मोठे पंचाईतीचे, एकीकडे गणपतीची आरती आणि दुसरीकडे किकऑफ. हातात घेतलं की पहिल्यांदा जाणवतो तो भार. जवळजवळ दोन किलो. बाहेरचं कवच पॉलिकार्बोनेटचं, टिचकी मारली तर बादलीसारखं वाजत नाही, बसक्या आवाजात टक्‌ म्हणतं. आत गालांशी दोन जाड पॅड, ते बटणांनी काढता-लावता येतात. कपाळाशी आणि मागे हवेच्या पिशव्या, त्यांत सुईच्या छोट्या पंपाने हवा भरायची, म्हणजे डोक्याच्या आकाराला घट्ट बसतात. हनुवटीच्या पट्ट्याला चार टोकं, चार बटणं. वास विचारू नका.

आणि पुढच्या बाजूला, कपाळाच्या किंचित वर, ओरखडे. नुसते ओरखडे नव्हेत, त्यांत रंग भरलेला असतो. केशरी, निळा, एका ठिकाणी दाट हिरवा. समोरच्या संघाच्या हेल्मेटांचा रंग घासून इकडे चिकटतो. कुठल्या शुक्रवारी कोण समोर होतं ते त्यावरून सांगता येतं. मुलांना या पट्ट्यांचा फार अभिमान. पुसायच्या नाहीत अशी सक्त ताकीद आहे. तशाही त्या साबणपाण्याने निघत नाहीत, आणि थिनर किंवा तसलं काही लावायला बंदी आहे, कारण त्याने पॉलिकार्बोनेट आतून कमकुवत होतं.

सांगलीहून माझी आई व्हिडिओ कॉलवर हे सगळं बघत होती. तिने नातवाला एकच प्रश्न विचारला, "अरे, एवढं ओझं डोक्यावर घेऊन पळतोस, मान नाही का रे अवघडत?" तो हसला, "आजी, सवय होते गं." पण आईने बोट ठेवलं ते नेमक्या जागी. या हेल्मेटच्या इतिहासातलं सर्वांत दुःखद प्रकरण मानेचंच आहे.

सुरुवातीला डोक्यावर काहीच नसे. 1893 मध्ये जोसेफ रीव्हज नावाच्या नौदल कॅडेटला डॉक्टरांनी बजावलं होतं, की डोक्याला आणखी एक लाथ बसली तर वेड लागेल नाहीतर जीव जाईल. लष्कराविरुद्धचा सामना तर चुकवायचा नव्हता. त्याने ॲनापोलिसमधल्या बूट शिवणाऱ्या कारागिराकडून मोलस्किन या जाड कापडाची टोपी शिवून घेतली आणि खेळला. पुढे तो अमेरिकी आरमाराचा ॲडमिरल झाला. मग चामड्याच्या टोप्या आल्या, पण घालायच्या की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. 1905 च्या मोसमात निदान 18 खेळाडू दगावले. त्या ऑक्टोबरात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी नियम बदलले. चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, माणसांचे थवेच्या थवे एकावर धाडायला लगाम बसला. म्हणजे खेळाला पहिल्यांदा वाचवलं ते नियमांनी. हेल्मेट सक्तीचं व्हायला कॉलेजांत 1939 आणि एनएफएल या व्यावसायिक संघांच्या लीगमध्ये 1943 साल उजाडावं लागलं.

1939 मध्येच जॉन रिडेल यांच्या शिकागोच्या कंपनीने प्लास्टिकचं हेल्मेट आणलं. सुरुवातीचं प्लास्टिक ठिसूळ, मैदानात तुकडे व्हायचे. 1948 मध्ये एनएफएलने त्यावर बंदीच घातली आणि पुढच्या वर्षी ती उठवली. 1953 मध्ये क्लीव्हलंडच्या ऑटो ग्रॅहमच्या तोंडावर कोपर बसलं, 15 टाके पडले, आणि तो पारदर्शक प्लास्टिकची पट्टी लावून त्याच सामन्यात परत खेळायला उतरला. प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी त्यातून पुढे फेसमास्क, म्हणजे चेहऱ्यासमोरचे गज, घडवून आणला. दहाएक वर्षांत उघड्या चेहऱ्याने खेळणारं जवळजवळ कुणी उरलं नाही.

आता कवटी सुरक्षित, नाक सुरक्षित, दात सुरक्षित. मग मुलं ते डोकं वापरायला लागली. प्रशिक्षकही शिकवायला लागले, की डोकं खाली घाल, हेल्मेटचा माथा समोरच्याच्या छातीत घुसव. भाल्यासारखा हा हल्ला, त्याचं नावही स्पिअरिंग. मान खाली वाकली की मानेच्या मणक्यांची नैसर्गिक कमान सरळ होते, आणि त्या सरळ रेषेत माथ्यावर धक्का बसला की तो कुठेच जिरत नाही, मणके चेपून मोडतात. 1968 या एका वर्षात या खेळातल्या थेट मारामुळे 36 जण मेले. फिलाडेल्फियाचे डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी देशभरातल्या डोक्याच्या नि मानेच्या दुखापतींची नोंद ठेवायला सुरुवात केली. 1976 च्या मोसमात 34 खेळाडूंचे चारही हातपाय कायमचे लुळे पडले होते. त्याच वर्षी डोक्याने पहिला आघात करण्यावर बंदी आली. 1984 मध्ये ती संख्या 5 वर आली. एका नियमाने एवढी मुलं आपल्या पायांवर उभी राहिली. त्या नियमामागे रात्रंदिवस नोंदी जमवत बसलेल्या डॉक्टरांबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

त्याच काळात हेल्मेटांसाठी प्रमाण ठरलं. नॉक्सी ही संस्था 1969 ची, तिचं पहिलं मानक 1973 चं. कृत्रिम डोक्यावर हेल्मेट चढवून ते ठरावीक उंचीवरून आपटायचं, आतल्या संवेदकांनी धक्का मोजायचा, आणि आताच्या नियमाप्रमाणे तीव्रतेचा आकडा 1200 च्या खाली राहिला तर हेल्मेट उत्तीर्ण. पण हे गणित डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात मृतदेहांच्या कवट्यांवर केलेल्या प्रयोगांतून आलेलं आहे. कवटी कधी तडकते, एवढं त्यांनी पाहिलं. मृतदेहाला चक्कर येत नाही, विसर पडत नाही, महिनाभर उजेड सहन न होऊन खोलीत पडून राहावं लागत नाही.

इथे आपल्या दुचाकीच्या हेल्मेटशी असलेला फरक सांगायला हवा, कारण हेल्मेटसक्तीवर पुण्यात एवढी भांडणं झाली की मराठी माणसाला हेल्मेट म्हटलं की तेच आठवतं. गाडीवरचं हेल्मेट एका अपघातासाठी असतं. आतलं थर्माकोलसारखं फोम चेपतं, चेपताना धक्का खातं, आणि मग ते टाकून द्यायचं. फुटबॉलच्या हेल्मेटला तसं चालत नाही. लाइनमनचं डोकं दर डावाला समोरच्याशी टक्कर घेतं. आतलं अस्तर दबून क्षणात पूर्ववत व्हायला हवं, कारण पुढची टक्कर अर्ध्या मिनिटावर आहे. धक्का खाऊन संपून जाण्याची सोय त्याला नाही.

आणि मुख्य गोष्ट आतली. मेंदू कवटीला चिकटवलेला नसतो, पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डब्यातला खरवस डोळ्यांसमोर आणा. डब्याला बाहेरून कितीही गादी गुंडाळली, तरी डबा झटक्यात गरकन फिरवला की आतला खरवस थरथरतो, कडेला फाटतो. ऑक्सफर्डमध्ये होलबर्न नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 1943 मध्ये जिलेटिनचे मेंदू बनवून हेच दाखवलं होतं. सरळ धक्क्यापेक्षा डोकं वळण्याने मेंदूच्या थरांत जास्त ताण पडतो. जबड्यावर तिरका मार बसला, डोकं मानेवर भिरकन फिरलं, की कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. कवच कितीही टणक असलं तरी हे फिरणं त्याला पूर्ण थांबवता येत नाही. हेल्मेटच्या आत तशी सूचनाही चिकटवलेली असते. एका कंपनीच्या सूचनेत तर स्पष्ट लिहिलंय, की हा धोका टाळायचा असेल तर फुटबॉल खेळू नका. ही सूचना मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, ते सगळ्यांच्याच हेल्मेटमध्ये असतं." त्याने त्याची भीती कमी झाली असावी. माझी नाही झाली.

पिट्सबर्गमध्ये राहून माइक वेब्स्टर हे नाव टाळता येत नाही. स्टीलर्सचा सेंटर, चार वेळा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकलेल्या संघाचा कणा. सेंटर म्हणजे प्रत्येक डाव ज्याच्या हातून सुरू होतो आणि प्रत्येक डावाला ज्याच्या डोक्यावर टक्कर होते तो. निवृत्तीनंतर त्याची आठवण गेली, पैसा गेला, काही काळ तो गाडीत राहायचा. 2002 च्या सप्टेंबरात, वयाच्या 50 व्या वर्षी, तो गेला. इथल्या अलेगेनी काउंटीच्या शवचिकित्सा कार्यालयात बेनेट ओमालू हे नायजेरियातून आलेले तरुण डॉक्टर होते. त्यांना फुटबॉलचं काहीच माहीत नव्हतं, वेब्स्टर कोण हेही नाही. मेंदू वरून धडधाकट दिसत होता. दुसऱ्या कुणी फाइल बंद केली असती. त्यांनी मेंदूचे पातळ काप करून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यांत टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते सापडले. 2005 मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. सीटीई, म्हणजे वारंवार बसलेल्या आघातांनी होणारा मेंदूचा आजार, हा शब्द मग घराघरांत गेला. बाहेरून आलेल्या माणसाने इथल्या लोकांचं दैवत उघडून पाहिलं आणि जे दिसलं ते सांगितलं. मीही बाहेरूनच आले आहे, म्हणून त्या धैर्याचं मोल मला जरा जास्त कळतं.

बॉस्टन विद्यापीठात डॉ. ॲन मकी यांच्या गटाने 2017 मध्ये 111 एनएफएल खेळाडूंच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली, त्यांतल्या 110 मध्ये सीटीई होता. हे मेंदू कुटुंबांनी दिलेले, म्हणजे बहुतेकदा काहीतरी बिनसलंय असं दिसल्यावर दिलेले, तेव्हा सगळ्याच खेळाडूंना तो होतो असा अर्थ काढायचा नाही. पण त्यांच्या कामातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. एखाददुसऱ्या मोठ्या कन्कशनपेक्षा वर्षानुवर्षांच्या हजारो लहान टकरा महत्त्वाच्या ठरतात. ज्या टकरींनंतर मुलगा उठतो, पट्टा नीट करतो आणि परत रांगेत उभा राहतो, त्या. टेबलावरच्या हेल्मेटच्या प्रत्येक रंगीत पट्टीमागे तसली एक टक्कर आहे.

आता दिसण्याकडे परत येते, कारण माझ्या मते खरी गाठ तिथे आहे. बफेलो बिल्स संघाचा मार्क केल्सो 1989 पासून हेल्मेटवर मऊ आवरण लावून खेळायचा. ईरी गावच्या बर्ट स्ट्रॉस या डिझायनरने ते बनवलं होतं, नाव प्रोकॅप. दोन कठीण कवचं एकमेकांवर आदळली की धक्का सबंध आत जातो. बाहेरून मऊ थर असला की काही भाग तिथेच जिरतो, आणि टक्कर दोघांसाठी मवाळ होते. इतका सरळ विचार. पण केल्सोचं डोकं मोठं, फुगल्यासारखं दिसायचं. लोकांनी त्याला कार्टूनमधल्या मोठ्या डोक्याच्या पात्रावरून नाव ठेवलं, चिडवलं. तो 1993 पर्यंत तसाच खेळला, चार सुपर बोल त्याच आवरणात. त्याच्यामागून फारच थोडे गेले. एका चांगल्या कल्पनेची वाढ पंचवीस-तीस वर्षं खुंटली, आणि ती वेडगळ दिसते हे त्याचं एक मोठं कारण होतं याचं मला अतोनात वाईट वाटतं.

जॉर्जियातल्या हॅन्सन दांपत्याची गार्डियन कॅप ही त्याच जातीची. फुगीर कप्प्यांची मऊ टोपी हेल्मेटवर चढवायची. एनएफएलने 2022 मध्ये लाइनमन, टाइट एंड आणि लाइनबॅकर या जागांवरच्या खेळाडूंना हंगामपूर्व सरावात ती सक्तीची केली, पुढे सक्ती वाढवली आणि 2024 पासून सामन्यातही घालायला परवानगी दिली. मग एक मजेची गोष्ट झाली. टोपीवर चढवायला संघाच्या रंगाची, चिन्ह छापलेली पातळ खोळ आली, म्हणजे लांबून ते साधं हेल्मेटच वाटावं. मला ही खोळ फार शहाणपणाची वाटते. गेर्कीची शिंगं आता मऊ थरावरही बसू शकतात.

ही टोपी जादू करते असं मी म्हणणार नाही. विस्कॉन्सिनमध्ये 2023 च्या मोसमात सुमारे 2,600 हायस्कूल खेळाडूंचा अभ्यास झाला. त्यात सरावावेळी टोपी घालणाऱ्यांत आणि न घालणाऱ्यांत कन्कशनचा फरक आढळला नाही. शाळकरी मुलांना मिळते ती टोपी आणि व्यावसायिकांची टोपी यांची बनावट वेगळी, हेही खरं. हेल्मेटंही सुधारलीत. व्हर्जिनिया टेकमध्ये स्टेफान ड्युमा यांच्या प्रयोगशाळेने 2011 पासून हेल्मेटांना सुरक्षिततेनुसार तारे द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून कंपन्यांना लपायला जागा उरली नाही. सिॲटलमध्ये एक मेंदूशल्यविशारद आणि एक मेकॅनिकल इंजिनिअर यांनी मिळून व्हायसिस कंपनी काढली आणि बाहेरून दबणारं कवच बनवलं. सुरुवातीची किंमत 1,500 डॉलर, कुठल्या सरकारी शाळेला परवडणार? 2019 च्या अखेरीस कंपनी बुडाली, दुसऱ्यांनी विकत घेतली, हेल्मेटं अजून निघतात.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र हेल्मेटच्या बाहेरच आहे. डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी 2010 मध्ये सरावात एकमेकांना टॅकल करणं, म्हणजे धडकून खाली पाडणं, बंदच केलं. मुलं पॅडच्या पुतळ्यांना टॅकल करायची, पुढे तर चाकांवर धावणारा पुतळाही तयार झाला. लोक म्हणाले संघ ढेपाळेल. 2015 मध्ये तो आयव्ही लीग या कॉलेजांच्या गटाच्या विजेतेपदात वाटेकरी झाला आणि 2016 मध्ये अख्ख्या लीगने मोसमातल्या सरावातून टॅकलिंग काढून टाकलं. न्यू हॅम्पशायर विद्यापीठात तर हेल्मेट काढून टॅकलिंग शिकवून पाहिलं. डोकं उघडं असलं की कुणी ते पुढे करत नाही, आणि ती सवय हेल्मेट घातल्यावरही टिकते. मोसमाअखेर त्या खेळाडूंच्या डोक्यावरचे आघात 28 टक्क्यांनी कमी झाले होते. एनएफएलमध्ये 2011 च्या करारापासून मोसमभरात पूर्ण पॅड घालून फक्त 14 सराव करता येतात. लाखो डॉलर घेणारी, पूर्ण वाढलेली माणसं मोसमात 14 वेळा, आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलं?

हे मी मुलाला विचारलं. त्याने बोटं मोडून हिशेब केला आणि म्हणाला, "आई, मॅचपेक्षा प्रॅक्टिसलाच जास्त लागतं." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. खेळ सोड असं मी त्याला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. त्या लाइनमध्ये त्याला जे मित्र मिळालेत, जे एकमेकांना उचलून उभं करणं मिळालंय, ते मी बघते आहे. मऊ टोपीने पट्ट्या झाकल्या जातील, ही त्याची एकच हरकत. खोळीवर नवीन रंग उमटतील की नाही हे त्याने शोधून काढायला घेतलंय.

ऑगस्टमध्ये सराव सुरू होण्याआधी पालकांची बैठक असते. तिथे नेहमी नव्या हेल्मेटांसाठी वर्गणीचा विषय निघतो, चिन्ह कुठल्या बाजूला हवं यावरही बोलणं होतं. या वेळी मी प्रशिक्षकांना आधी दोन गोष्टी विचारणार आहे. आठवड्यातले किती दिवस मुलं एकमेकांवर आदळतात, आणि त्यातला निदान एक दिवस पुतळ्यांवर नेता येईल का. बाकीच्या तीन-चार आयांशी बोलून ठेवलंय. त्यांतली एक नर्स आहे, आकडे ती मांडणार. वर्गणी त्यानंतर, आणि ती पुतळ्यांसाठी.